वाचकांचे प्रश्न : मोजका किराणा, पुरेसे जेवण

मोजक्या वस्तूंत आणि मोजक्या खर्चात राहण्याविषयी मागील अंकात आलेल्या लेखानंतर वाचकांची जी पत्रे आली, त्यांतली बहुसंख्य स्वयंपाकघराविषयीची आहेत. कपाट आवरणे सोपे, पण जेवणाचे काय करायचे, असा त्यांचा सूर आहे. त्यांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार किंवा गर्भारपण असेल, तर येथील प्रमाणे आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत.

प्रश्न : आम्ही दोघे आणि महाविद्यालयात जाणारी दोन मुले असे चौघांचे कुटुंब आहे. वर्षभरापासून खर्च कमी करण्याचा प्रयत्न चालू असल्याने किराण्याची यादीही छाटली. सध्या महिन्याला 15 किलो गहू, 6 किलो तांदूळ, 3 किलो ज्वारी, सगळ्या मिळून 4 किलो डाळी-कडधान्ये, 5 लिटर तेल, 5 किलो साखर, 1 किलो शेंगदाणे आणि रोज एक लिटर दूध असे येते. बिस्किटे, फरसाण आणि नूडल्सचे बिल वेगळे. आम्ही शाकाहारी आहोत. आणखी कोठे कात्री लावता येईल? – एक वाचक, नाशिक

तुमची यादी लहान झाली आहे, पण कात्री चुकीच्या जागी लागली आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत सुमारे 2000 कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात 250 ग्रॅम धान्ये, 85 ग्रॅम डाळी-कडधान्ये, 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळे, 300 मिलिलिटर दूध किंवा दही, 35 ग्रॅम शेंगदाणे-तीळ यांसारख्या तेलबिया किंवा सुकामेवा आणि 27 ग्रॅम तेल-तूप असे प्रमाण सांगितले आहे. चौघांचा महिन्याचा हिशेब केला, तर धान्य 30 किलो, डाळी-कडधान्ये 10 किलोंच्या थोडी वर, तेलबिया सुमारे 4 किलो आणि तेल-तूप मिळून सव्वातीन किलो होते. तुमच्याकडे डाळी निम्म्याहून कमी येतात, दाणे चौथा हिस्सा येतात आणि तेल मात्र दीडपट येते. फरसाणातून पोटात जाणारे तेल यात धरलेलेच नाही. साखरेचेही तसेच आहे. 5 किलो साखर म्हणजे माणशी दिवसाला 40 ग्रॅमांहून अधिक, आणि जागतिक आरोग्य संघटना शक्य तर ती 25 ग्रॅमांच्या आसपास ठेवा असे सुचवते, तीसुद्धा बिस्किटांतली साखर धरून.

तेव्हा एकूण रकमेला हात न लावता, तेल दीड लिटर व साखर दोन किलो कमी करून आणि ते वेगळे बिल निम्म्यावर आणून, सुटलेले पैसे कडधान्यांकडे व शेंगदाण्यांकडे वळवा. पुढच्या दोन-तीन महिन्यांत रक्कमही आपोआप खाली आलेली दिसेल, कारण पोटभर उसळ खाल्लेला मुलगा पाच वाजता बिस्किटांचा पुडा फोडत नाही. सगळा भार तुरीवर टाकण्याची गरज नाही. हरभरा, मसूर, मटकी, वाटाणा आणि चवळी आलटून पालटून आणावीत. ती बहुतेक वेळा तुरीपेक्षा स्वस्तही पडतात आणि 100 ग्रॅमांमागे साधारण 20 ते 22 ग्रॅम प्रथिने देतात. धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते व मेथिओनिन पुरेसे असते, डाळींत नेमके उलटे असते. म्हणून वरण-भात, झुणका-भाकरी, थालीपिठाची भाजणी ही जोडी पोषणाच्या दृष्टीनेही पक्की बसते. खानदेशातील कळण्याची भाकरी हे त्याचे फार चांगले उदाहरण आहे. ज्वारीत सालासकट उडीद साधारण चारास एक या प्रमाणात घालून ते एकत्र दळून आणायचे. भाकरीतच डाळ आल्याने सोबत ठेचा आणि कांदा असला तरी जेवण अगदीच कोरडे राहत नाही. तुम्ही नाशिककर असल्याने ही भाकरी तुम्हाला नवी नसावी.

एक सावधगिरी मात्र हवी. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळणारी सुटी तूरडाळ किंवा बेसन घेऊ नये. पूर्व विदर्भात पिकणारी लाखोळीची डाळ त्यात मिसळलेली असू शकते, आणि ती महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली गेल्यास पाय लुळे पडण्याचा विकार होतो.

प्रश्न : मी व्यायामशाळेत जातो. तेथे सर्वजण प्रथिनांची पावडर घेतात. काटकसरीत राहून ती टाळता येईल का? वजन 60 किलो आहे. – एक तरुण वाचक, सांगली

येईल. सर्वसाधारण प्रौढाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे तुम्हाला 50 ग्रॅम. वरच्या ताटाचीच बेरीज करून पाहा : धान्यातून सुमारे 25, डाळींतून 18, दुधातून 9 आणि दाण्यांतून 8 ग्रॅम मिळून 60 ग्रॅम होतात. जोरकस व्यायाम करीत असाल, तर रोज दोन अंडी, म्हणजे आणखी 12 ग्रॅम, किंवा मूठभर सोयाबीनच्या वड्यांची भाजी वाढवावी. कोरड्या वड्यांत वजनाच्या जवळपास निम्मी प्रथिने असतात. पावडरचा डबा महाग असण्यापेक्षाही मला त्यातले दुसरे काही अधिक खटकते : डबा घेतला की ताटातली उसळ खाण्याचे अंगावरचे ओझे उतरल्यासारखे वाटते आणि जेवण आणखीच बिघडते.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात कॉट बेसिसवर राहते. दुपारी मेसचा डबा असतो. रात्रीचे जेवण खोलीवर करते. इंडक्शन शेगडी आणि तीन लिटरचा कुकर एवढेच सामान आहे, फ्रिज नाही. बहुतेक दिवशी मॅगी किंवा पोहे होतात. थोडक्या सामानात बरे जेवता येईल का? – एक विद्यार्थिनी

तुमच्याजवळ कुकर आहे, म्हणजे निम्मे काम झालेलेच आहे. तांदूळ, मुगाची डाळ, अख्खा मसूर, शेंगदाणे, पोहे किंवा दलिया, मीठ, हळद, तिखट, जिरे आणि अर्धा लिटर तेल एवढ्यावर महिना निघतो. फ्रिज नसल्याने भाज्याही टिकणाऱ्याच घ्याव्यात : कोबी, गाजर, लाल भोपळा, कांदा, टोमॅटो आणि लिंबे. कोबीचा गड्डा मधोमध चिरून ठेवण्याऐवजी वरची पाने सुटी करून वापरावीत, म्हणजे उरलेला गड्डा आठवडाभरही चांगला राहतो.

घरोघरी खिचडीत दोन वाट्या तांदळाला एक किंवा अर्धी वाटी डाळ पडते. तुम्ही तांदूळ आणि डाळ समसमान घ्या. एका माणसाला अर्धी वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, दोन मुठी चिरलेली भाजी आणि थोडे दाणे पुरतात. कुकरातच थोड्या तेलावर जिरे-हळद घालून सगळे परतायचे, चौपट पाणी घालायचे आणि तीन शिट्ट्या होऊ द्यायच्या. पानात घेतल्यावर वरून लिंबू पिळायला विसरू नये, कारण त्यातील क जीवनसत्त्वामुळे डाळीतले लोह अंगी लागण्यास मदत होते. अख्ख्या मसुराला भिजवण्याची अट नाही, त्यामुळे अभ्यासिकेतून उशिरा आल्यावरही त्याची आमटी होते. मटकी सकाळी भिजत घालून रात्री फडक्यात बांधून ठेवली, की दुसऱ्या दिवशी मोड येतात. मात्र मोड आलेले कडधान्य कच्चे न खाता वाफवून खावे, कारण मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते.

फ्रिज नसताना खिचडी किंवा भात रात्री करून सकाळी खाणे टाळावे. शिजवल्यानंतरही तांदळात तग धरणारे काही जंतूंचे बीजाणू असतात. भात खोलीच्या उष्णतेत तासन् तास राहिला, की ते वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. एका वेळेपुरतेच शिजवावे. मेसच्या डब्याविषयी एवढेच सांगते की, एक पोळी कमी घेऊन त्याऐवजी उसळ किंवा वरण जास्त मागून पाहावे. बऱ्याच मेसवाल्या मावशी याला हरकत घेत नाहीत. मधल्या वेळच्या भुकेसाठी फुटाणे, दाणे आणि चुरमुरे डब्यात असू द्यावेत. फळांत केळे आणि पेरू सर्वांत परवडतात, आणि क जीवनसत्त्वाच्या बाबतीत पेरू संत्र्याच्या बराच पुढे आहे.

प्रश्न : आमच्याकडे पालेभाजी आणली की निम्मी सडते, आणि पावसाळ्यात भाव इतके चढतात की भाजीऐवजी बटाटाच होतो. मोजक्या पैशांत भाजी कशी जमवावी? – एक वाचक, कोल्हापूर

जागतिक आरोग्य संघटनेने फळे-भाज्या मिळून दिवसाला 400 ग्रॅमांचे जे किमान प्रमाण सांगितले आहे, त्यात बटाटा धरत नाहीत. म्हणून बटाट्याच्या भाजीने भाजीची उणीव भरून निघाली असे समजू नये. पालेभाजी सडण्याचे मुख्य कारण ती धुऊन ठेवणे हे असते. निवडून, न धुता, सुती फडक्यात गुंडाळून ठेवावी आणि चिरण्याच्या आधी धुवावी. मेथी-कोथिंबिरीची मुळे लगेच छाटू नयेत. दुसरे म्हणजे, आपण मंडईतून जे विकत आणतो त्यातलेच पुष्कळसे टाकतो. मुळ्याचा पाला, फ्लॉवरची कोवळी पाने आणि देठ, बीटची पाने या सगळ्यांची पीठ पेरून किंवा डाळ घालून उत्तम भाजी होते. शेवग्याचे झाड जवळपास असेल, तर त्याच्या पाल्याइतकी स्वस्त आणि सकस भाजी दुसरी मिळणार नाही.

पावसाळ्यात बाजारातली भाजी महागते हे खरे, पण त्याच दिवसांत टाकळा, कुर्डू, फोडशी, करटोली आणि भारंगी या रानभाज्या गावाकडच्या बाया पाटीत घेऊन बसलेल्या असतात. ओळख नसलेली भाजी स्वतः खुडून आणू नये. विकणाऱ्या बाईंकडून घ्यावी आणि ती कशी करतात तेही त्यांनाच विचारावे. शेवळे तर काकड, चिंच किंवा आमसूल यांपैकी काही आंबट घातल्याशिवाय खाल्ले की घसा खवखवतो. उन्हाळ्याची तजवीज आपल्याकडे हिवाळ्यातच करण्याची पद्धत होती. हरभऱ्याचा वाळवलेला पाला आणि डाळींचे सांडगे यांनी भाजीच्या टंचाईचे दिवस निभावून नेले जात, आणि गच्चीवर ऊन येत असेल तर आजही ते अवघड नाही.

पालेभाजीवर खर्च करून तिच्यातील लोह वाया घालवू नये, हेही सांगितले पाहिजे. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्ताक्षय आढळला. जेवण झाल्याबरोबर चहा घेतला, तर चहातील द्रव्ये अन्नातील लोहाला बांधून ठेवतात व ते शोषले जात नाही. चहा तासाभराने घ्यावा. त्याला पैसे पडत नाहीत.

प्रश्न : माझी आई 74 वर्षांची असून रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावी एकटी राहते. 'मला एकटीला कितीसे लागते,' असे तिचे म्हणणे. सकाळी चहा-बटर, दुपारी भात आणि कुळथाची पिठी, रात्री पेज. वर्षभरात तिची पोलकी सैल झाली आहेत. मी पैसे पाठवते, ते ती बँकेत ठेवते. तिला साधे राहणे आवडते, मग मी आग्रह करावा का? – एक वाचक, ठाणे

करावा, आणि लवकर करावा. साधेपणाने जेवणे आणि भूक मारून जेवणे यांत फरक आहे, आणि तुमच्या आईंच्या बाबतीत कपडे तो फरक दाखवत आहेत. मनात नसताना वजन उतरणे हे वयाचे लक्षण समजून सोडून देऊ नये. आधी डॉक्टरांकडून साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि ब-12 यांची तपासणी करून घ्या, दात किंवा कवळी तपासून घ्या. दात दुखत असल्यामुळे पेजेवर आलेली माणसे पुष्कळ असतात, आणि ती ते सांगत नाहीत.

वय वाढले की अन्न कमी लागते, पण प्रथिनांची गरज कमी होत नाही; वृद्धांना वजनाच्या किलोमागे एक ग्रॅम किंवा किंचित अधिक प्रथिने मिळावीत असे तज्ज्ञ सुचवतात. आईंचे जेवण मुळात वाईट नाही. कुळथाची पिठी उत्तमच आहे, फक्त ती पातळ होत असणार. दोन चमचे पिठाऐवजी अर्धी वाटी पीठ घेऊन ती दाट करावी. रात्रीच्या पेजेत मूठभर मूगडाळ शिजवावी. सकाळच्या बटरच्या जागी दुधातले नाचणीचे सत्त्व यावे. नाचणीत 100 ग्रॅमांमागे सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. त्यातले सगळे शरीराला मिळत नाही हे खरे, पण दुधाबरोबर घेतल्याने दोन्हींचा लाभ होतो. त्या मासे खात असतील, तर ताज्या मासळीची वाट न पाहता सुकट किंवा जवळा वापरावा, मात्र त्यात मीठ फार असल्याने तो पाण्यातून दोन-तीनदा काढून घ्यावा.

पैसे पाठवून हे होणार नाही, हे तुम्ही अनुभवलेच आहे. त्यापेक्षा शेजारच्या गोठ्यातून अर्ध्या लिटरचा रतीब लावा आणि त्याचे पैसे परस्पर द्या; वाडीतच कोंबड्या पाळणारे कोणी असेल, तर आठवड्याची अंडी त्यांच्याकडून पोहोचती करा. काटकसरीने संसार केलेल्या त्या पिढीच्या बायका स्वतःसाठी दूध विकत घेणार नाहीत, पण दारात आलेले दूध नासू देणे त्यांच्या जिवावर येते. निम्मे मांजरीला गेले, तरी निम्मे पोटात जाईल.

प्रश्न : साखर सोडून गूळ धरला. खर्च वाढला. फायदा आहे का? – एक वाचक, लातूर

गुळात लोह आणि खनिजे थोडी असतात, पण आपण जितका गूळ खातो त्यातून ती नगण्यच मिळतात. रक्तातील साखर वाढवण्याच्या बाबतीत दोन्ही सारखेच. चव आवडत असेल तर गूळ घ्यावा, अन्यथा साखरच अर्धी करावी.

प्रश्न : नोकरीनिमित्त म्युनिकमध्ये एका छोट्या घरात मोजक्या सामानात राहतो. भारतीय दुकानात ज्वारीचे पीठ, तूरडाळ, भेंडी घेतली की बजेट कोलमडते. मराठी पद्धतीचे जेवण स्वस्तात कसे जमेल? – एक वाचक, जर्मनी

मराठी पद्धत पदार्थांच्या नावांत न शोधता ताटाच्या मांडणीत शोधली, की प्रश्न सुटतो. धान्य, डाळ, एक पालेभाजी किंवा फळभाजी, थोडे दही आणि काहीतरी कच्चे, एवढे मिळाले की ताट झाले. तेथील तुर्की व अरबी दुकानांत लाल मसूर, काबुली चणे आणि बुल्गुर, म्हणजे आपल्या दलियाचा भाऊबंद, भारतीय दुकानापेक्षा बरेच स्वस्त मिळतात. लाल मसुराला मोहरी, लसूण, हळद यांची फोडणी दिली, की वरणाची उणीव फारशी भासत नाही. कोबी आणि गाजर हिवाळाभर स्वस्त असतात. गोठवलेला पालक आणि मटार यांना कमी लेखू नये. ते काढणीनंतर लगेच गोठवलेले असल्याने त्यांची पोषकता चांगली टिकते आणि निवडण्याचा वेळही वाचतो. सायविरहित क्वार्क हा तेथला दह्यासारखा पदार्थ स्वस्त असतो आणि त्यात 100 ग्रॅमांमागे सुमारे 12 ग्रॅम प्रथिने असतात. पाण्याने सैल करून त्याची कोशिंबीर किंवा कढी करता येते. ज्वारीचे पीठ सणावाराला आणावे, रोजच्यासाठी ओट्स आणि राईचा पाव आहेच.

दोन गोष्टी मात्र भारतातल्या सवयीने चालणार नाहीत. आपल्याकडे खाण्याचे मीठ आयोडीनयुक्तच असावे लागते, जर्मनीत तशी सक्ती नाही, त्यामुळे मिठाच्या पाकिटावर तसे लिहिले आहे का ते पाहूनच घ्यावे. आणि ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत त्या अक्षांशावर उन्हातून ड जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही, म्हणून एकदा रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेणे शहाणपणाचे ठरेल. तो खर्च काटकसरीत वगळू नये.

प्रश्न : स्वयंपाकघरातील भांडी कमी करायची आहेत आणि गॅसही वाचवायचा आहे. काय ठेवावे, काय काढावे? – एक वाचक, अमरावती

कुकर, लोखंडी तवा, लोखंडी कढई, दोन पातेली, परात, विळी किंवा सुरी आणि मिक्सर एवढ्यात चौघांचा रोजचा स्वयंपाक होतो. एअर फ्रायर, सँडविच मेकर आणि रोटी मेकर ही मंडळी खुशाल निरोप घेऊ शकतात. लोखंडी कढई मात्र भंगारात देऊ नका. तिच्यात टोमॅटो किंवा चिंच घातलेली आमटी-भाजी शिजवली, की अन्नात थोडे लोह उतरते. शिजल्यावर भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर ती काळवंडते.

गॅस वाचवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे कडधान्य रात्री भिजवणे. दुसरा असा की, कुकरची पहिली शिट्टी झाली की आच मंद करावी. शिट्टीच्या वजनामुळे आतला दाब ठरावीक मर्यादेपलीकडे जातच नाही, त्यामुळे मोठ्या आचेने अन्न लवकर शिजत नाही, फक्त वाफ बाहेर जाते. भात आणि डाळी उकळी आणून, पातेले गोधडीत गुंडाळून टोपलीत ठेवले, तर आतल्या उष्णतेवरच शिजतात. या रीतीने राजमा मात्र शिजवू नये. कच्च्या राजम्यात पोटाला त्रास देणारे विषारी द्रव्य असते आणि ते मंद उष्णतेत नष्ट होत नाही. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात कुकरमध्ये पुरता मऊ होईपर्यंतच शिजवावा.